कौलं उतरवायच्या आधी विचारा, जुनं लाकूड कोण नेणार

दापोली तालुक्यात आमचं माहेरचं घर आहे, चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, आत सागाच्या तुळया आणि किंजळीचे वासे, सगळं आजोबांच्या वेळचं. आई तिथे एकटी असते, मी डोंबिवलीला, भाऊ पुण्याला. २०२५ च्या उन्हाळ्यात छप्पर दुरुस्त करायचं की कौलं काढून पत्रेच टाकायचे असा विषय निघाला आणि त्यात एका फॅब्रिकेशनवाल्याने आम्हाला व्यवस्थित टोपी घातली. नाव गाव लिहित नाही कारण तक्रार चालू आहे, पण पद्धत लिहिते, कारण हे प्रकरण आमच्या एकट्याचं नाहीये हे आता कळलंय.

गळत होतं ते खरं तर दोनच ठिकाणी, ओटीवर आणि माजघराच्या एका कोपऱ्यात. वानरं उड्या मारून कौलं फोडतात आणि आढ्यावरच्या कोन्यांचं, म्हणजे छपराच्या माथ्यावर बसवतात त्या कौलांचं, सिमेंट तडकलेलं, एवढंच. पूर्वी पावसाआधी गडी यायचे, कौलं उतरवून झाडायचे, फुटकी बदलायचे, दोन दिवसात घर शाकारून मोकळे. आता वर चढणारा माणूसच मिळत नाही, मिळाला तर मेच्या शेवटी तारीख देतो, आणि आई म्हणाली की या वयात दरवर्षी माणसांच्या मागे लागणं मला जमत नाही बाबा. तिचंही बरोबरच.

तर हा माणूस आला, बोलायला एकदम गोड, ताई ताई करत. "ताई, निसर्गात बघितलंत ना काय झालं? पत्रा स्क्रूने बसला की बसला, हलत नाही." आता ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या वाडीत कौलं उडाली तशी पत्रेही उडाले, एकाचा अख्खा पत्रा आंब्याच्या बागेत जाऊन अडकला होता. म्हणजे पत्रा की कौल याच्यापेक्षा ते खाली कशाला आणि कसं बांधलंय यावर सगळं असतं. पण मुद्दा वादळाचा नव्हताच. त्याने आधी कोटेशन दिलं ते फक्त पत्र्यांचं, लाकूड आहे तसंच ठेवू, त्याच्यावर रीपांच्या, म्हणजे कौलं टेकतात त्या आडव्या पट्ट्यांच्या, जागी पाइप मारू, स्वस्तात होईल. अॅडव्हान्स घेतला आणि मेच्या मध्यावर कौलं उतरवली.

कौलं खाली आली आणि दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ. स्क्रूड्रायव्हर हातात, वाशात खुपसतोय, तो इंचभर आत जातोय, भुसा गळतोय. "ताई सगळं लाकूड गेलंय, वाळवीने खाल्लंय, याच्यावर पत्रा टाकला आणि उद्या आईंच्या अंगावर आलं तर मी जबाबदार नाही." त्यात त्या वर्षी पाऊस २५ मेलाच कोकणात उतरला आणि त्याच्या आधीपासूनच रोज संध्याकाळी झोडपत होता. घर उघडं, आई ताडपत्रीखाली, धान्याची पिंपं शेजाऱ्यांच्या पडवीत, अशा वेळी कोण म्हणणार की थांबा, आम्ही दुसऱ्या कोणाला दाखवतो? आधी कौलं उतरवायची आणि मग लाकूड सडलंय म्हणायचं, सगळी कला या क्रमात आहे. कोटेशन अडीचपट झालं, कारण आता पूर्ण लोखंडी स्ट्रक्चर. आणि वर उपकार केल्यासारखं, "जुनं लाकूड आणि कौलं मीच उचलून नेतो, तुम्हाला गाडीचा खर्च नको, उलट बिलातून दहा हजार कमी करतो."

वाडीतले सुतारकाका तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुलाकडे मुंबईला होते. गणपतीला आले तेव्हा परसात वाशांचे काही तुकडे पडले होते ते त्यांनी उचलून बघितले. व्हिडिओ पण दाखवला. ते म्हणाले हा वळचणीकडच्या टोकाला खुपसतोय बघ, पागोळ्यांचं पाणी लागतं तिथे, टोकं कुजणारच, प्रत्येक कौलारू घरात कुजतात. दीड हात कापायचं आणि बाजूने नवा तुकडा बोल्ट मारून जोडायचा, संपलं. त्यांनी एक तुकडा मधोमध कोयत्याने तासून दाखवला, बाहेरचा पांढरट भाग भुसभुशीत आणि आत गाभा तांबूस, कोयता टण्णकन वाजला. किडीने पांढरा भागच खाल्ला होता, गाभ्याला हातही लावला नव्हता. त्यांच्या अंदाजाने सात-आठ वासे बदलायचे, बाकी टोकांना जोड, रीपा नव्या, कोने नव्याने बसवायचे. खुपसून बघायचंच असेल तर टोकाला, भिंतीवर टेकतो तिथे आणि आढ्याजवळ असं तिन्हीकडे बघायचं, आणि हातोडीने ठोकत जायचं, पोकळ लाकूड बद्द वाजतं. व्हिडिओत यातलं काहीच नाही, सगळी टोकंच टोकं.

मग लाकडाचं कळलं. माझा मावसभाऊ घराला जुना दरवाजा शोधत खेडच्या बाजूला एका जुन्या लाकडाच्या वखारीत गेला होता, तिथे त्याला आमची तुळई दिसली. ओळखली कशी, तर तिला पाळण्याची लोखंडी कडी अजून तशीच होती आणि कडीच्या बाजूला आमच्या काकाने लहानपणी खिळ्याने कोरलेलं स्वतःचं नाव, अर्धवट, कारण आजोबांनी मध्येच धपाटा घातला होता. वखारवाल्याने मावसभावाला गिऱ्हाईक समजून घनफुटाचा भाव सांगितला, रिसॉर्टवाले आणि फर्निचरवाले नेतात म्हणाला, जुना साग मिळत नाही आता. त्या भावाने आमच्या नुसत्या तुळयांचेच लाखाच्या वर होतात. वाळवीने खाल्लेल्या लाकडाचे! कौलंही वेगळी विकली असणार, आमच्याकडे छापाची जुनी जाड कौलं होती आणि शंभर स्क्वेअर फुटाला सव्वाशे-दीडशे कौलं बसतात म्हणजे हिशोब करा. म्हणून सांगते, दुरुस्ती की नवीन हे ठरवायला ज्याला जुनं लाकूड मिळणार आहे त्यालाच विचारू नका, गावातल्या कुठल्यातरी सुताराला हजार रुपये देऊन कौलं वर असतानाच माळ्यावरून बघायला लावा.

आता नवीन जे बसवलं त्याची गंमत. ठरलं होतं ०.५० मिमीचा कलर कोटेड पत्रा आणि दोन बाय एक इंची पाइप २ मिमी जाडीचा. पहिल्याच पावसात पत्र्यावर तांबडे ठिपके आले. भाचा आयटीआय करतोय, त्याने उरलेला एक तुकडा मायक्रोमीटरने मोजला, रंगासकट ०.३५. पाइपच्या तुकड्याची भिंत १.२. हे वजनावरूनही कळतं, मायक्रोमीटर नसला तरी चालेल, २ मिमीचा दोन बाय एक पाइप वीस फुटी लांबीला तेरा किलोच्या आसपास भरतो आणि १.२ चा आठ-सव्वाआठ. पत्रा सपाट धरला तर ०.५० चा चौरस मीटर जवळपास चार किलो, ०.३५ चा पावणेतीन. म्हणूनच हे लोक रेट स्क्वेअर फुटावर ठरवतात, लोखंडाचा किलोवर बोलतच नाहीत. बरं स्क्वेअर फूटही कसे मोजले, तर छपराचं माप नाही घेतलं, पत्र्यांचं घेतलं, म्हणजे एकावर एक चढलेल्या पट्टीचे पैसे दोनदा.

ते ठिपके कशाचे तेही सांगते, पत्रे वरच ग्राइंडरने कापले, ठिणग्या आणि लोखंडाचा चुरा पत्र्यावर उडाला, तो कोणी झाडला नाही, तिथे तिथे गंज. कापलेल्या कडा पण जळाल्या. स्क्रूच्या खालचे रबरी वॉशर इतके हलके की काही ठिकाणी बोटाने फिरतात. आणि समुद्राची खारी हवा आमच्याकडे, तिथे असला माल किती टिकणार?

उकाड्याबद्दल आणि आवाजाबद्दल तर आई रोज बोलते. एप्रिलमध्ये माळ्यावर हात लावता येत नाही, नारळ ठेवायचो तिथे आता काही ठेवत नाही. पाऊस लागला की शेजारची काकी दारात उभी राहून हाक मारते तरी हिला ऐकू येत नाही, मग काकी सरळ आत येऊन खांद्याला हात लावते आणि ही दचकते. पत्रे वाईटच असं माझं म्हणणं नाही, वानरांपुढे कौलं टिकत नाहीत हे मला पण माहितीये, चांगल्या मालाचे आणि खाली फळी मारून केलेले पत्रे मी बघितलेत, मस्त आहेत. पण आमच्या घराला त्याची गरज नव्हती.

फोन केला तर आधी "ताई कंपनीचा माल आहे, वरून तसाच येतो", मग फोन उचलणं बंद. पक्कं बिल मागितलं होतं तेव्हा १८ टक्के जीएसटी वर पडेल म्हणाला होता, त्यामुळे हातात आहे एक कच्चा कागद, त्यावर फक्त आकडा. तरी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे, दोन वर्षांच्या आत टाकावी लागते, ऑनलाइन होते, आणि कामाची रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला होता, त्यांनी नीट समजावून सांगितलं. वकिलांनी पहिली गोष्ट विचारली ती म्हणजे ०.५० लिहिलेला मेसेज आहे का. नशिबाने कोटेशनचा फोटो त्याने व्हॉट्सअॅपवर पाठवला होता, बँकेतून गेलेले पैसे दिसतात, आणि वाळवीचा तो व्हिडिओ तर त्याच्याच नंबरवरून आलाय. वखारीतल्या तुळईचा कडीसकट फोटोही मावसभावाने त्याच दिवशी काढून ठेवला होता, आता ती तिथे नाही. पत्र्याचे आणि पाइपचे तुकडे पिशवीत घालून, तारखेची चिठ्ठी लावून कपाटात ठेवलेत, पुढच्या तारखेला घेऊन जायचे आहेत.