स्टीनहॅचीला स्कॅलपिंगला जाताय? घर बुक करायच्या आधी हे वाचा, आम्हाला २,५६९ डॉलरचा चुना लागलाय

२,५६९ डॉलर. आधी आकडा सांगून टाकते कारण सगळे पहिला तोच विचारतात, आणि विचारताना त्यांच्या चेहऱ्यावर जे असतं ते मला आता पाठ झालंय. घराचे १,४८०, सिक्युरिटी डिपॉझिट ३५०, कॅप्टनसकट बोट ६२० आणि लायसन्स फी म्हणून ११९. रुपयात हिशोब करू नका, मी केला आणि त्या रात्री झोप उडाली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फ्लोरिडाच्या गल्फच्या बाजूला, म्हणजे मेक्सिकोच्या आखाताकडे, उन्हाळ्यात स्कॅलप काढायला जातात, स्कॅलप म्हणजे खायचे शिंपले, मास्क आणि स्नॉर्कल लावून चार ते आठ फूट पाण्यात उतरायचं आणि समुद्रातल्या गवतातून हाताने वेचायचे. विकण्यासाठी काढायला बंदी आहे, आपल्या खाण्यापुरतेच. स्टीनहॅची म्हणजे त्यातलं एक छोटंसं गाव, नदीच्या मुखाशी, आम्हाला अटलांटाहून गाडीने पाच-साडेपाच तास, आणि तिथला सीझन १५ जूनपासून लेबर डेपर्यंत, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत. सासूबाई वेंगुर्ल्याहून यंदा आमच्याकडे आल्यात, ओहोटीला खाडीत उतरून तिसऱ्या काढण्यात त्यांचं आयुष्य गेलंय, त्यांच्या कानावर हे पडल्यापासून एकच धोशा, मला ने, मला ने. स्कॅलपची एकशिपी करायचा बेत ठरला, मसाला त्या येतानाच घेऊन आल्या होत्या. मंडळातली अजून दोन कुटुंबं तयार झाली, मिळून दहा माणसं, सात मोठी आणि तीन पोरं.

आता सीझन उघडतो त्या वीकेंडला या एवढ्याशा गावात दहा जणांची सोय मिळणं म्हणजे गणपतीत कोकण रेल्वेचं रिझर्वेशन. मोटेल फुल, मरिनावाल्यांच्या, म्हणजे बोटींच्या धक्क्यावाल्यांच्या, खोल्या फुल, नेहमीच्या बुकिंग साइटवर एक घर होतं ते चार जणांचं. मग सोशल मीडियावरच्या एका ग्रुपमध्ये जाहिरात दिसली, नदीकाठी खांबांवरचं घर, स्वतःचा डॉक, खाली मासे साफ करायचं टेबल आणि सिंक. मालक म्हणे तिथलाच. पुढचं काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे, मेसेज गोड, उत्तर लगेच, अजून दोन पार्ट्या विचारतायत, अ‍ॅडव्हान्स टाकलात तर तुमच्यासाठी धरून ठेवतो. हे सगळं मलाही माहीत होतं हो! मी ऑफिसात दर वर्षी तो ऑनलाइन फसवणुकीचा, मासेमारीचा नव्हे, फिशिंगचा ट्रेनिंग व्हिडिओ बघते, त्याची परीक्षा पास होते.

पण या माणसाने स्कॅलपची माहिती इतकी बरोबर दिली की संशयाला जागाच ठेवली नाही. त्याने एक व्हिडिओ पाठवला, तळहातावर जिवंत स्कॅलप, टक टक करत शिंपला उघडतोय मिटतोय, आणि कडेला ओळीने बारीक बारीक निळेशार डोळे. खरंच डोळे असतात त्याला. माझी मुलगी तो लावून बसायची. नंतर तोच व्हिडिओ दुसऱ्याच कोणाच्या चॅनेलवर सापडला, ते सोडा.

आता तो फोन. हा फोन आठवला की मला अजून कसंतरी होतं. घराचे पैसे गेले होते, बोटीचं बोलायला त्याने स्वतः फोन केला, एकदम दक्षिणेकडचा रेंगाळणारा उच्चार, मागे कुत्रं भुंकतंय. म्हणाला कॅप्टन माझा भाऊच आहे, दहाच्या दहा एका बोटीत बसा, माणशी दोन गॅलन, वीस गॅलन घेऊन घरी जा. आणि माझ्यासमोर, अक्षरशः समोर लॅपटॉपवर, फ्लोरिडाच्या फिश अँड वाइल्डलाइफ कमिशनचं पान उघडं होतं. त्यावर लिहिलंय माणशी दोन गॅलन शिंपल्यासकट, पण अख्ख्या बोटीला जास्तीत जास्त दहा. आणि स्टीनहॅचीच्या पट्ट्यात १५ ते ३० जून तर त्याच्याही निम्मं, माणशी एक गॅलन आणि बोटीला पाच. वीस गॅलन घेऊन आलो असतो तर धक्क्यावरच पकडले असते. ज्याच्या भावाचा धंदा हा त्याला हे माहीत नाही? दुसरं, साध्या चार्टर, म्हणजे भाड्याच्या बोटीच्या, कॅप्टनचं कोस्ट गार्डचं लायसन्स सहा गिऱ्हाइकांचं असतं, त्याला सगळे सिक्स-पॅकच म्हणतात, दहा जण न्यायला तपासणी झालेली वेगळी बोट आणि वरचं लायसन्स लागतं. आणि तिसरं ते ११९. लायसन्सवाल्या चार्टरवर गेलात तर तुम्हाला वेगळं फिशिंग लायसन्स लागतच नाही, कॅप्टनच्या लायसन्समध्ये गिऱ्हाईक येतं. मी विचारलंसुद्धा! तो म्हणाला नियम बदललाय मॅम, बाहेरच्या राज्यातल्यांना आता लागतं.

आणि मी गप्प बसले. का बसले ते सांगते, कारण हिशोब बरोबर होता. बाहेरच्या माणसाचं तीन दिवसांचं लायसन्स खरंच १७ डॉलर आहे, सात मोठी माणसं, सत्तर आणि एकोणपन्नास, ११९. सोळाच्या आतल्या पोरांना लागत नाही हेही त्याला ठाऊक, पोरांचे मागितले नाहीत. लुबाडणारा माणूस गोल आकडा मागतो अशी आपली समजूत, हा पोरांचे पैसे सोडतोय म्हणजे प्रामाणिक. वीस गॅलनचं म्हणाल तर बोटवाले थापा मारतातच, मालवणात डॉल्फिन दाखवणारे काय कमी मारतात? माझ्या जागी कोणीही असतं तरी हेच केलं असतं. नवरा आता म्हणतो मला तेव्हाच शंका आली होती, तर त्याच्या तोंडाला तेव्हा काय झालं होतं विचारा.

पैसे सगळे बँकेच्या अ‍ॅपमधून पाठवले, समोरच्याच्या खात्यात लगेच जमा होतात तसे. क्रेडिट कार्ड चालेल का विचारलं तर म्हणाला मशीनची फी पडते. जो कार्ड घेत नाही त्याचं घर घेऊ नका, विषय संपला.

पोचलो शुक्रवारी संध्याकाळी. मॅपने म्हटलं तुम्ही पोचलात. समोर खांब होते, आणि एक लाकडी जिना, पंधरा-सोळा पायऱ्यांचा, कठडा शाबूत, वर काहीच नाही. घर नाहीच. डॉकच्या जागी पाण्यात वाकड्या झालेल्या मेखा. सासूबाई गाडीतूनच म्हणाल्या, अगो, घर खंय असा?

शेजारच्या ट्रेलरमधले एक आजोबा बाहेर आले, त्यांना आमच्याकडे बघूनच कळलं असावं. घर २०२४ च्या सप्टेंबरात हेलीन वादळात गेलं. या किनाऱ्याने तेरा महिन्यांत तीन वादळं खाल्लीत, २०२३ च्या ऑगस्टमध्ये इडालिया, २०२४ च्या ऑगस्टमध्ये डेबी आणि मग हेलीन. मूळ मालक ती जागा विकायचीय म्हणून बसलाय, त्याला या भानगडीचा पत्ताही नाही. फोटो वादळाच्या आधीचे, जुन्या विक्रीच्या जाहिरातीतून उचललेले. म्हणून बाबांनो, पत्ता मिळाला की त्या काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) प्रॉपर्टी अप्रेझरच्या, घर-जमिनीची नोंद ठेवणाऱ्या ऑफिसच्या, साइटवर टाका, फुकट आहे, मालकाचं नाव लगेच दिसतं. स्ट्रीट व्ह्यूमध्ये घर दिसलं म्हणून खूश होऊ नका, कोपऱ्यातलं साल बघा.

त्या रात्री जवळच्या पेरी गावात मोटेल मिळालं, तीन खोल्या, १६४ एकेक, म्हणजे अजून ४९२, हे वरच्या आकड्यात धरलेलं नाही. दुसऱ्या दिवशी बोट कुठेच शिल्लक नव्हती, परत आलो.

आणि आता तक्रारीचं. बँक म्हणते पेमेंट तुम्हीच ऑथराइज केलंय, कोणी तुमचं खातं हॅक केलं असतं तर बघितलं असतं. म्हणजे चोराने खिसा कापला तर भरपाई, आणि फसवून हातातून काढून घेतले तर तुमचं तुम्ही बघा. ज्या खात्यात गेले ते खातं कोणाचं ते सांगत नाहीत, का तर त्याची प्रायव्हसी! त्याची! इकडच्या पोलिसांत गेले तर बाई म्हणाली घर फ्लोरिडात आहे ना, तिकडे करा. तिकडे फोन केला तर म्हणे पैसे जॉर्जियातून गेले, गुन्हा तिकडे घडला. मी म्हटलं मग गुन्हा काय स्टेट लाइनवर व्हॅल्डोस्टाच्या पुढे रस्त्यात घडला का? फोनवरच्या माणसाने नुसतं पुन्हा तेच वाक्य म्हटलं. केंद्र सरकारच्या ऑनलाइन फॉर्मला सगळे स्क्रीनशॉट जोडले, एक लांबलचक नंबर आला आणि त्यानंतर स्मशानशांतता. सोशल मीडिया कंपनीला जाहिरात रिपोर्ट केली तर उत्तर, आमच्या नियमांचं उल्लंघन आढळलं नाही. ग्रुपच्या अ‍ॅडमिनने काय केलं असेल? माझी पोस्ट उडवली, वातावरण खराब होतं म्हणून. जाहिरात राहिली. तरी तक्रार कराच, आणि त्याच दिवशी करा, निदान बँकेशी भांडताना दाखवायला कागद असतो.

फ्लोरिडात सुट्टीला भाड्याने देण्याच्या घराला राज्याच्या डीबीपीआर, म्हणजे धंदेवाल्यांना परवाने देणाऱ्या खात्याचं, लायसन्स लागतं, त्याचा नंबर मागा आणि साइटवर शोधा. कॅप्टनचं पूर्ण नाव मागा आणि गावातल्या कुठल्याही मरिनाला फोन करून विचारा, एवढंसं गाव, सगळे सगळ्यांना ओळखतात. व्हिडिओ कॉलवर घर आतून दाखवायला सांगा, नेटवर्क नाही म्हणाला तर ठेवून द्या.

अजून एक मला फार उशिरा कळलं. जाहिरातीतल्या एका फोटोत घरासमोर पांढरीशुभ्र वाळू होती. स्टीनहॅचीला तसला बीच नाहीच, सगळी दलदल, गवत आणि चिखलाचा किनारा, स्कॅलपसाठी बोटीनेच बाहेर जावं लागतं. तिथे एकदा गेलेल्या माणसाने तो फोटो बघून हसून सोडलं असतं.

परवा तीच जाहिरात परत दिसली. मालकाचं नाव वेगळं, गाव आता पोर्ट सेंट जो, तिथला सीझन १६ ऑगस्टला उघडतो म्हणून. भाडं १,३९०, खांबांवरचं घर तेच, जिना तोच, वाळूचा फोटोही तोच. आणि तिकडे जवळ केप सॅन ब्लासला पांढरी वाळू खरोखरच आहे, म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाला तेवढाही संशय यायचा नाही. स्क्रीनशॉट आणि तो फोन नंबर माझ्याकडे आहे, ऑगस्टमध्ये जाणारं कोणी असेल तर बुक करायच्या आधी मला मेसेज करा.