फॉरमॅट न मारता विंडोज दुरुस्त केलं, सात महिने वापरून सांगते

मी प्रतापनगरला घरूनच डीटीपीचं काम करते, लग्नपत्रिका, शाळांचे पेपर आणि नागपूर विद्यापीठाच्या पोरांचे थीसिस. असेंबल केलेला डेस्कटॉप आहे, विंडोज ११, ५१२ जीबी एसएसडी. मे महिन्यात भर दुपारी, बाहेर ४५ डिग्री, कूलर चालू, विंडोजचं अपडेट सुरू होतं आणि लाइन गेली. यूपीएसची बॅटरी जुनी, दोन मिनिटं पण टिकली नाही.

लाइन आल्यावर कॉम्प्युटर चालू तर झाला पण सगळं विचित्र होऊन राहिलं होतं. स्टार्ट बटण दाबलं की काहीच नाही, सेटिंग्ज उघडलं की आपोआप बंद, अपडेट दर वेळी एरर देऊन परत मागे. कोरलड्रॉ मात्र चालत होतं म्हणून आठ दिवस तसंच काम ओढलं, मग एका दुकानातून माणूस बोलावला. त्याने पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "ताई, हे काही होत नाही, फॉरमॅटच मारा लागन. फाइल्स ठेवून करून देतो, काळजी नका करू."

फाइल्सची काळजी मला नव्हतीच, त्या एक्स्टर्नल डिस्कवर होत्या. माझा जीव अडकला होता बाकीच्यात. पंधरा वर्षांत जमवलेले मराठी फॉन्ट, त्यातले कितीतरी जुने नॉन-युनिकोड, ज्याच्याशिवाय जुन्या पत्रिका उघडल्या तर नुसती अक्षरांची खिचडी दिसते. फॉन्टचं सॉफ्टवेअर यूएसबी डोंगलवर (पेनड्राइव्हसारखी लायसन्सची किल्ली) चालतं, त्याची सीडी आता सापडत नाही आणि ज्यांच्याकडून घेतलं त्यांचं दुकान बंद झालं. कोरलचे शॉर्टकट मी माझ्या हाताच्या सवयीप्रमाणे बसवलेले. हे सगळं परत उभं करायचं म्हणजे ऐन लग्नसराईत पंधरा दिवस गेले.

भाचा पुण्याला नोकरीला आहे, त्याला फोन केला तर तो पहिलं वाक्य बोलला, "मावशी, त्याला हात लावू देऊ नको." मग त्याने फरक समजावला आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. विंडोजमध्ये "रिसेट धिस पीसी" असतं, त्यात "कीप माय फाइल्स" निवडलं तर फोटो, डॉक्युमेंट राहतात पण टाकलेली सॉफ्टवेअर उडतात, डेस्कटॉपवर फक्त उडालेल्यांची यादी मिळते. दुकानवाला "फाइल्स ठेवून" म्हणत होता ते बहुतेक हेच. दुसरा प्रकार म्हणजे रिपेअर इन्स्टॉल, काही जण इन-प्लेस अपग्रेड म्हणतात. यात चालू विंडोजच्या आतूनच तेच विंडोज परत वरून बसवायचं, सिस्टीमच्या फाइल्स नव्या येतात आणि सॉफ्टवेअर, सेटिंग्ज, फाइल्स जागेवर राहतात.

त्याआधी त्याने दोन साधे उपाय करायला लावले. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून आधी डिझमची (DISM) रिस्टोअर हेल्थ कमांड आणि मग एसएफसी (SFC) स्कॅननाऊ, दोन्ही विंडोजमधलीच, खराब सिस्टीम फाइल्स दुरुस्त करायची साधनं. क्रम हाच ठेवायचा, कारण एसएफसी खराब फाइल दुरुस्त करायला विंडोजमधला जो साठा वापरतं तोच बिघडला असेल तर डिझम तो आधी नीट करतं. डिझम ६२.३ टक्क्यांवर बराच वेळ थांबलं, मला वाटलं अडकलं, पण तिथं ते थांबतंच म्हणे, बंद करू नका. माझ्याकडे शेवटी सोर्स फाइल्स सापडत नाही असा एरर आला आणि एसएफसीने सांगितलं की खराब फाइल्स सापडल्या पण काही दुरुस्त झाल्या नाही. पुष्कळ जणांचं काम इथंच होऊन जातं, माझं नाही झालं.

मग मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज ११ ची आयएसओ फाइल, म्हणजे विंडोज बसवायची अख्खी सीडीच एका फाइलमध्ये, उतरवली, पाच जीबीच्या वर आहे. आधी एक्स्टर्नल डिस्कवर पूर्ण बॅकअप घेतला, डिस्क काढून ठेवली, डोंगल काढलं, प्रिंटरची वायर काढली, विकतचा अँटिव्हायरस अनइन्स्टॉल केला, यूपीएसला नवी बॅटरी बसवली आणि सकाळी सहाला बसले, त्या वेळी लाइन जात नाही आमच्याकडे. आयएसओवर राइट क्लिक करून माउंट केलं की सीडी टाकल्यासारखा नवा ड्राइव्ह दिसतो, त्यातलं सेटअप चालवायचं. पेनड्राइव्हवरून बूट करून हे होत नाही हे नीट लक्षात ठेवा, त्या रस्त्याने गेलं तर सॉफ्टवेअर ठेवायचा पर्यायच मिळत नाही. शेवटच्या स्क्रीनवर "कीप पर्सनल फाइल्स अँड ॲप्स" लिहिलेलं दिसलं पाहिजे, नसेल तर इन्स्टॉल दाबूच नका, तिथंच बंद करा. माझ्याकडे दिसलं, मी दाबलं, तीन-चार वेळा आपोआप रिस्टार्ट झालं आणि दीड तासात तयार.

डेस्कटॉप उघडला तेव्हा आयकॉनसुद्धा जागेवर होते. फॉन्ट सगळे. कोरलचे शॉर्टकट तेच. इनस्क्रिप्ट कीबोर्ड तसाच, क्रोममधले पासवर्ड तसेच. स्टार्ट बटण दाबलं, उघडलं, मला खरंच भरून आलं.

सगळं शंभर टक्के तसंच राहतं असं मात्र नाही. डोंगलचा ड्रायव्हर परत टाकावा लागला. प्रिंटरची रंगांची सेटिंग मूळ जागी गेली, पहिल्या पत्रिकेचा भगवा चक्क विटकरी आला, ते बसवायला एक दुपार गेली. सिस्टीम रिस्टोअरचे जुने पॉइंट गेले आणि ते प्रोटेक्शन बंद झालेलं होतं, हे मला दीड महिन्याने कळलं, तुम्ही त्याच दिवशी बघून चालू करून घ्या. सी ड्राइव्हवर विंडोज डॉट ओल्ड नावाचं मोठं फोल्डर तयार होतं, त्याच्यामुळे दहा दिवस मागे जाता येतं, नंतर ते आपोआप निघून जातं. म्हणून त्या दहा दिवसांत आपलं प्रत्येक सॉफ्टवेअर एकदा उघडून, एक प्रिंट काढून बघा.

आता सात महिने झाले. स्टार्ट, सेटिंग्ज, अपडेट सगळं सुरळीत, मधल्या काळात दर महिन्याचे अपडेट एकही अडकले नाही. मशीन नव्यासारखी फास्ट झाली का, तर नाही, पहिले होती तशी झाली आणि मला तेवढंच पाहिजे होतं.

नंतर घरातल्या आणखी दोन मशीनवर करून पाहिलं. दिराच्या लॅपटॉपवर तो फाइल्स-ॲप्सचा पर्याय दिसेचना. शोधता शोधता कळलं की त्यांचं विंडोज इंग्लिश युनायटेड स्टेट्सचं आणि मी उतरवलं होतं इंग्लिश इंटरनॅशनल, भाषा जुळली नाही की पर्याय बंद. एडिशनही जुळावी लागते, होम असेल तर होम, आणि बसलेल्या व्हर्जनपेक्षा जुनी आयएसओ चालत नाही. मग त्यांच्याकडे सेटिंग्ज उघडत होतं म्हणून सिस्टीममध्ये रिकव्हरीत "फिक्स प्रॉब्लेम्स युजिंग विंडोज अपडेट" आहे, तिथलं "रीइन्स्टॉल नाऊ" दाबलं, ते बरोबर व्हर्जन स्वतःच उतरवून घेतं. हे विंडोज ११ मध्येच आहे, पण त्याच्या जुन्या २१एच२ व्हर्जनवर नाही मिळणार. लॅपटॉपवाल्यांनी बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरच्या डेटाला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का आधी बघा आणि ४८ आकड्यांची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, मध्येच मागितली आणि नसली तर सगळा डेटा अडकून राहील.

नणंदेच्या जुन्या डेस्कटॉपवर मात्र मी केलंच नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हार्डडिस्क पिवळी, कॉशन दाखवत होती. डिस्कच जाऊन राहिली असेल तर त्याच्यावर पाच जीबी लिहायला लावणं म्हणजे तिला ढकलणं आहे. आधी डेटा काढला, नवी एसएसडी टाकली. विंडोज सुरूच होत नसेल तरी हा उपाय नाही. आणि व्हायरस असेल तर तो पण फाइल्ससोबत तसाच राहू शकतो, तिथं मीसुद्धा फॉरमॅटच म्हणेन.

विंडोज १० वाल्यांनी पण विचारलं मला. पद्धत तीच आहे, त्याचं शेवटचं व्हर्जन २२एच२, पण १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला, तर तेवढी मेहनत घेण्याआधी मशीन ११ घेते का ते तपासा. घेत असेल तर ११ ची आयएसओ त्याच्या आतून चालवली तरी फाइल्स आणि ॲप्स ठेवायचा पर्याय येतो.

यूपीएसची बॅटरी मात्र आज बदला, अपडेट लावायच्या आधी.