मरतूक लागली की आधी कुठं जायचं: दुकानात की दवाखान्यात?

गेल्या महिन्यात बेळगावजवळच्या उचगावच्या एका ओळखीच्या पोरानं विचारलं, "काका, माझ्या सात कोंबड्या रात्रीत गेल्या. औषध दुकानात जाऊ की सरकारी डॉक्टरकडं?" मी पटकन उत्तर दिलं नाही. दोन्हीकडं जाऊन आलोय आणि दोन्हीकडं पैसे घालवलेत. त्यामुळं हे जरा सविस्तर लिहितोय. कंपनीची पिल्लं पाळणाऱ्यांसाठी हे नाही. त्यांचा सुपरवायझर सांगेल ते करावं लागतं. शे-दोनशे गिरिराज नाहीतर गावरान कोंबड्या स्वतःच्या पैशानं पाळणाऱ्यांसाठी आहे.

दुकानाची बाजू आधी. खरं सांगायचं तर सोयीला दुकानाला तोड नाही. रात्री नऊपर्यंत उघडं, रविवारीही अर्धा दिवस. मराठीत बोलता येतं. खाद्याची उधारी असते, औषध त्याच वहीत चढतं. शिवाय कुठल्या गावात काय चाललंय हे दुकानदाराला डॉक्टरच्या आधी कळतं. खानापूर भागात कोंबड्यांना देवीचा रोग आला की पहिली बातमी त्याच्याच काउंटरवर.

दवाखान्याचं उलटं. पाटी कन्नडमध्ये, अर्ज कन्नडमध्ये, आणि डॉक्टर सापडले तर सापडले. गाई-म्हशींना लाळ्या-खुरकतीची लस टोचायची मोहीम असली की चार-चार दिवस खुर्ची रिकामी. कोंबडीचं नाव काढलं की रांगेतले म्हैसवाले आपल्याकडं अशी नजर टाकतात, की हा काय घेऊन आलाय!

एवढ्यावरून तुम्ही दुकानच निवडाल. मीही तेच केलं होतं.

आषाढातली गोष्ट. आमच्याकडं त्या दिवसांत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. एकशेवीस पिल्लं, वय पाच आठवडे. सकाळी चार मेलेली, दुसऱ्या दिवशी नऊ. पंख पाडून कोपऱ्यात बसायची आणि दुपारपर्यंत आडवी. मी दोन मेलेली पिल्लं कॅरीबॅगेत घातली, गाडीच्या हँडलला अडकवली आणि तालुक्याला दुकानात गेलो. बॅग काउंटरवर ठेवायला गेलो तर आतून आवाज आला, "ते बाहेर ठेवा हो, गिऱ्हाइकं आहेत." बॅग पायरीवर राहिली. आत मी तोंडानं सांगतोय, ते ऐकतायत आणि एक हात फळीकडं. हगवण आहे? आहे. खात नाहीत? नाहीत. एक अँटिबायोटिक, एक लिव्हर टॉनिक, एक व्हिटॅमिन. सातशे चाळीस रुपये, पाच दिवस पाण्यातून. बाहेर आलो तेव्हा कुत्रं बॅग हुंगत होतं.

मला खटकलं ते हेच. औषध चुकलं याचा राग नाही, कुणाचंही चुकतं. पण मेलेलं पिल्लू दारापर्यंत नेलेलं असताना ते कुणी हातात घेऊन बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्या दुकानात वेगळं असेल कदाचित. मी आणखी दोन ठिकाणी गेलो, तिथंही पिशवी पायरीवरच राहिली.

चौथ्या दिवशी आकडा अडतीसवर गेला तेव्हा दवाखान्यात गेलो. डॉक्टर बागलकोटकडचे, मराठी जेमतेम. पण बॅग बघितल्यावर पहिला प्रश्न, कधी मेलं? मग वय, लस कुठली दिली, पाणी कुठलं, खाद्य बदललं का, शेडमध्ये अंडी देणाऱ्या आहेत का. मग मागच्या पडवीत जुना पेपर अंथरून पिल्लू उताणं ठेवलं, कात्रीनं पोट उघडलं. आतड्याच्या शेवटाला दोन फाटे असतात, ते फुगून काळपट लाल झाले होते. एक चिरला तर आत नुसत्या गाठी. "नोडी," म्हणाले, "करुळु पूर्ण रक्त." नोडी म्हणजे बघा, करुळु म्हणजे आतडं. रक्त हा शब्द तर दोन्हीकडं एकच, दुभाषी लागला नाही.

रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस. शेडमध्ये अंथरलेल्या ओल्या तुसात वाढणारा परजीवी, पावसाळ्यात तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांवर हमखास येतो. मला विष्ठेत रक्त कसं दिसलं नाही? कारण आमची माती तांबडी. पावसात पायाला लागून ती तुसावर येते, सगळंच लाल दिसतं. दुकानदाराला मी नुसतं 'हगवण' म्हणालो, त्याचाही काय दोष. पण त्याच्या अँटिबायोटिकचा या परजीवीवर काही परिणाम होत नाही. डॉक्टरांनी अँप्रोलियम लिहून दिलं, आणि व्हिटॅमिनची बाटली बघून ती आधी बंद करायला सांगितली. अँप्रोलियम त्या परजीवीला व्हिटॅमिन बी-वन मिळू देत नाही, म्हणून तो मरतो. आपण वरून बी-वन घातलं की औषधाचा जोर गेला.

दवाखान्यात ते औषध शिल्लक नव्हतं. चिठ्ठी घेऊन परत त्याच दुकानात. दुकानदारानं न उठता, पाठीमागच्या फळीवरून हात मागं करून पुडा काढला. मी चार दिवसांपूर्वी उभा होतो तिथून दीड हातावर तो पुडा होता. दोनशे दहा रुपये. तूस बदललं, तिसऱ्या दिवसापासून मर थांबली.

दवाखान्यात सगळं बरं होतं असं मात्र नाही. पुढच्या वर्षी शनिवारच्या बाजारातून चार तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, आणल्या आणि मानमोडी, म्हणजे राणीखेत घेऊन आलो. माना वळलेल्या, हिरवी हगवण. डॉक्टरांनी एक कोंबडी उघडून जठरावरचे लाल ठिपके दाखवले आणि चिठ्ठीच लिहिली नाही. हा विषाणूचा रोग, औषध नाही. मेलेल्या चुना टाकून खोल पुरा, बाजारातलं पाखरू दोन-तीन आठवडे वेगळं ठेवा, पुढच्या लॉटला पहिल्या आठवड्यात लासोटा, म्हणजे मानमोडीची लस, डोळ्यात द्या. रिकाम्या हातानं परत येताना वाईट वाटलं, पण त्या वेळी खिशातले पैसे खिशातच राहिले. दुकानातून मी आजवर एकदाही रिकाम्या हातानं परतलेलो नाही, हेही लक्षात घ्या.

काहीजण शिनोळीवरून पलीकडं चंदगडला जातात, महाराष्ट्रातले डॉक्टर मराठी बोलतात म्हणून. जवळच्यांना ठीक. पण बर्ड फ्लूची बातमी आली की सीमेवर कोंबड्यांच्या गाड्या अडवतात, आणि मेलेली पाखरं घेऊन राज्य ओलांडणं तसंही शहाणपणाचं नाही. 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नवापूरला निघाला तेव्हापासून याची धास्ती आहे. एका रात्रीत शेड निम्मं झालं, तुरे निळे पडले, तोंडं सुजली, तर कोंबडी कुठंच नेऊ नका, उघडू तर मुळीच नका. 1962 या जनावरांच्या हेल्पलाइनला फोन करा नाहीतर जवळच्या पशुवैद्यकाला कळवा आणि त्यांना येऊ द्या. असे नमुने शेवटी भोपाळच्या प्रयोगशाळेत जातात, तिथं आपलं काम नाही. लसूण-हळदीचं पाणी मीही देतो, त्यानं नुकसान नाही. पण मर थांबल्याचं मी बघितलेलं नाही.

दुकानातून घ्यायचंच झालं तर लेबल वाचा. कोलिस्टिन लिहिलेलं असेल तर घेऊ नका, 2019 पासून ते खाण्याच्या जनावरांना आणि कोंबड्यांना देणं बंद आहे. आणि अँटिबायोटिक चालू असताना अंडी विकायची नाहीत, हे काउंटरवर मला तरी कुणी सांगितलं नाही.

तुमचा दवाखाना वीस किलोमीटरवर असेल, डॉक्टर महिन्यातून दोनदा येत असतील, तर माझं म्हणणं तुम्हाला लागू पडेलच असं नाही. माझ्यापुरतं ठरलंय. डॉक्टर आहेत का ते आधी फोन करून विचारतो. नुकतंच मेलेलं एक आणि मरायला टेकलेलं एक, अशी दोन पाखरं नेतो, कारण चार-पाच तासांत पोट हिरवं पडतं आणि मग काही कळत नाही. जुना थर्माकोलचा डबा आहे, त्यात मेलेलं बर्फावर ठेवतो, पण फ्रीजरमध्ये घालत नाही. मग चिठ्ठी घेऊन त्याच दुकानात. उधारी अजून चालते.