दोन टनी फोल्डिंग इंजिन क्रेन: एक पावसाळा आणि एक हिवाळा वापरल्यानंतर

या क्रेनबद्दल जे काही वाचायला मिळतं ते गॅरेजवाल्यांनी लिहिलेलं असतं. बॉनेट उघडायचं, इंजिन वर घ्यायचं, काम झालं की पुन्हा जागेवर बसवायचं. आमचा वापर वेगळा आहे, म्हणून सविस्तर लिहितोय. पुण्यात आणि आजूबाजूला अनेक घरांत जुन्या मोटारींची इंजिनं पडून आहेत. गाडी केव्हाच भंगारात गेलेली असते, पण इंजिन टाकवत नाही म्हणून राहिलेलं असतं. अशी इंजिनं लोक दक्षिणेतल्या एका मोटार संग्रहालयाला देणगी देतात आणि आम्ही काही जण ती उचलून, बांधून, टेम्पोतून तिथवर पोचवतो.

गॅरेजात उचलताना एखादा स्टड तुटला तर नवा घालता येतो. इथे तसं नाही. संग्रहालयाला मूळ कार्बोरेटर, मूळ डायनामो, बेकेलाइटची डिस्ट्रिब्युटर कॅप, इतकंच काय, ब्लॉकवरचा जुना रंगसुद्धा हवा असतो. बिडाचं ओतकाम पडलं तर वाकत नाही, थेट तडकतं. त्यामुळे क्रेन किती टन उचलते याच्याशी मला फारसं देणंघेणं नाही. ती किती हळू खाली ठेवते, हा माझा पहिला प्रश्न.

आधी आम्ही दोन मार्गांनी काम करायचो. मोकळी जागा असेल तर हायड्रा (चाकांवरची मोठी फिरती क्रेन) बोलवायची आणि पेठेत असेल तर हमाल, बल्ली, दोर. हायड्रा गल्लीत शिरत नाही, आणि पाच-सहा हमाल लावून बल्लीवर घेतलेलं इंजिन कुणा एकाचा पाय घसरला की कुठे टेकेल याचा नेम नाही. म्हणून वीस-बावीस हजारांच्या घरातली ही क्रेन घेतली. लांब रॅमचा (दट्ट्याचा) जॅक, पुढेमागे सरकणारा बूम म्हणजे वरचा दांडा, मिटणारे पाय आणि सहा चाकं. मिटवली की छोट्या हत्तीच्या हौद्यात एका कडेला उभी राहते.

आता 'दोन टनी' या शब्दाबद्दल. बूम पूर्ण आत असेल तेव्हाच दोन टन. एकेक भोक बाहेर काढत गेलं की क्षमता दीड टन, एक टन आणि शेवटच्या भोकाला अर्धा टन. आम्हाला बहुतेक वेळा शेवटचंच भोक लागतं, कारण इंजिन टेम्पोच्या फाळक्याच्या आत न्यायचं असतं. तरी अडचण येत नाही. अँबॅसडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन गिअरबॉक्सशिवाय दीडशे किलोच्या आसपास भरतं, फियाटचं १०८९ सीसीचं त्याहून हलकं. जीपचं २.२ लिटरचं साइड व्हॉल्व्ह इंजिनही आरामात येतं. सगळ्यात जड आलेलं म्हणजे प्लिमथचं सहा सिलिंडरचं सरळ इंजिन, अडीचशे किलोच्या वर. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फियाटच्या आधी क्रायस्लरशी करार करून डॉज, प्लिमथ जोडायला सुरुवात केली होती. त्या काळातली इंजिनं पुणे जिल्ह्यात अजून निघतात, विशेषतः ऊसपट्ट्यात. कित्येक ठिकाणी ती गाडीतून काढून पाण्याच्या पंपाला जोडलेली असतात.

उचलताना तोल हाच कळीचा मुद्दा. एकच हूक, आणि इंजिनाचं मागचं टोक जड. लेव्हलर, म्हणजे हूक आणि इंजिन यांच्यामधे लावायची तोल साधणारी दांडी, क्रेनबरोबर मिळत नाही, वेगळा घ्यावा लागतो, आणि माझ्या मते त्याच्याशिवाय क्रेन घेऊच नये. हँडल फिरवलं की लोंबकळणारं इंजिन आपल्या डोळ्यांसमोर हळूहळू आडवं होतं. साखळीऐवजी आम्ही पॉलिस्टरचे बेल्ट वापरतो, ब्लॉकखालून, माउंटिंगच्या कानांना टेकवून. मॅनिफोल्डला किंवा रॉकर कव्हरच्या स्टडला हूक अडकवायचा नाही, कितीही सोयीचं वाटलं तरी. बेल्टाचे दोन पाय जितके फाकतील तितका ताण वाढतो. दोघांमधला कोन १२० अंश झाला तर प्रत्येक पायावर इंजिनाचं पूर्ण वजन येतं. म्हणून बेल्ट लांब घ्यावेत.

क्रेनचं सगळ्यात मोठं वैगुण्य म्हणजे तिची चाकं. कारखान्यातल्या गुळगुळीत कोब्यावर ती पळतात, वाड्यातल्या शहाबादी फरशीच्या सांध्यात मात्र रुततात. सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात जिन्याखाली १९६०च्या दशकातलं फियाट ११०० चं इंजिन होतं, गोणपाटात गुंडाळून दोन फळ्यांवर ठेवलेलं. घरच्या काकू ऐंशीच्या पुढच्या. आम्ही बेल्ट घालत होतो तेव्हा शेजारीच उभ्या राहिल्या. "जपून हं बाळांनो, ह्यांनी कुणाला त्याचा बोल्टसुद्धा काढू दिला नाही कधी." गोणपाट सोडलं तर आत प्लगच्या वायरी क्रमाने दोऱ्याने बांधलेल्या, कार्बोरेटरच्या तोंडात कापडाचा बोळा, आणि डिपस्टिकला सुतळीने अडकवलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी, त्यावर शेवटचं ऑइल कधी बदललं त्याची तारीख. ती चिठ्ठी आम्ही तशीच ठेवली. जिन्यापासून दिंडी दरवाजापर्यंतचं अंतर म्हणाल तर वीस पावलं, पण मधे उंबरा. चाकांखाली प्लायच्या पट्ट्या टाकत, एक पुढे सरकवायची, मागची उचलायची, असं करत दुपार गेली. उंबऱ्याशी इंजिन लाकडी चौकटीवर उतरवलं, पाईपच्या रुळांवरून पहारीने पलीकडे ढकललं आणि बाहेर क्रेन पुन्हा उभी केली. ओरखडासुद्धा उठला नाही. काकूंनी बाहेर येऊन पेढ्याचा पुडा हातात ठेवला.

नंतर भोसरीतल्या एका वर्कशॉपमधून मोठी पॉलियुरेथेनची चाकं बसवून घेतली. उंची थोडी वाढली, पण सांध्यांवरून ती जातात. वाड्यांत, अंगणांत काम करणाऱ्याने हा खर्च आधीच धरून चालावं.

जॅक पहिले काही महिने उत्तम चालला. खाली सोडायची किल्ली अगदी बारीक फिरवली तर इंजिन नखानखाने उतरतं, याबद्दल मी पूर्ण समाधानी आहे. पावसाळ्याच्या अखेरीस रॅमच्या गळ्याशी तेल पाझरायला लागलं. पंप मारल्यावर बूम स्पंजासारखा वाटायचा, म्हणजे हवा शिरलेली. सील बदललं, किल्ली उघडी ठेवून पंप मारून हवा काढली, तेल भरलं. तेव्हापासून ठीक आहे. सील किट नाना पेठेत मिळालं, पण त्यासाठी जुनं सील हातात घेऊन दुकानं पालथी घालावी लागली. विक्रेत्याने 'सुटे भाग कायम मिळतील' असं सांगितलं होतं, पुढे फोनही उचलला नाही. दुसरी एक गोष्ट म्हणजे हूकला जीभ, म्हणजे तोंड बंद करणारी पट्टी, नव्हती. बेल्ट सैल पडला की सटकू शकतो. जीभवाला हूक आम्ही लगेच लावून घेतला.

क्रेनचं काम फाळक्यापाशी संपतं. पाय टेम्पोच्या खाली जातात, पण मागच्या चाकांना अडतात, त्यामुळे इंजिन हौद्याच्या काठाशीच उतरतं. तिथून मागच्या आसाच्या पुढे न्यायला पुन्हा पाईपचे रूळ. चौकट भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून साल वृक्षाच्या लाकडाची करून घेतो. पॅकिंगचं आंब्याचं लाकूड बोल्टाजवळ फाटतं. इंजिन माउंटिंगच्या भोकांतून चौकटीला बोल्टने आवळायचं, भार संपवर (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीवर) येता कामा नये, तो पातळ पत्र्याचा असतो. निघण्यापूर्वी ऑइल आणि पाणी काढून टाकतो, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ताजं ऑइल सोडून प्लग परत लावतो, बाकीच्या तोंडांना लाकडी बुचं. जाम झालेलं इंजिन फिरवून बघायचा मोह होतो. आम्ही हात लावत नाही, ते संग्रहालयातल्या मिस्त्रींचं काम.

रॅचेटचे पट्टे चौकटीवरून जातात, इंजिनावरून नाही. कात्रजचा बोगदा ओलांडला की खेड शिवापूरला थांबून ते पुन्हा आवळायचे. पहिल्या टप्प्यातल्या खड्ड्यांनी ते हमखास सैल होतात. खंबाटकी चढण्याआधी परत एकदा हात फिरवायचा.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. देणगीपत्रावर इंजिन नंबर, जुन्या आरसी बुकाची प्रत आणि डिलिव्हरी चलन. नंबर आम्ही देणगीदारासमोरच वाचून लिहितो आणि फोटो काढतो. जुलै २०२१ च्या व्हिंटेज वाहनांच्या नियमांत पन्नास वर्षांवरच्या गाडीला नोंदणीसाठी चासी, बॉडी आणि इंजिन मूळ स्वरूपात असणं ही अट आली. तेव्हापासून मूळ इंजिनाला गिऱ्हाईक आहे, दलालही घरोघर विचारत फिरतात. तरीही लोक पैसे न घेता देतात, याचं मला फार मोल वाटतं. त्यांच्या इंजिनाला वाटेत धक्का लागू न देणं हे आमचं कर्तव्य आहे.

पुन्हा घ्यायची वेळ आली तर हीच घेईन, मोठी चाकं आणि लेव्हलर धरून. ज्याला वर्षातून एखादंच इंजिन हलवायचं आहे आणि घरासमोर रस्ता मोकळा आहे, त्याने हायड्राच बोलवावी, स्वस्त पडेल. दुकानात घेणाऱ्याने एवढं करावं: दुकानदाराला सांगून बूमला दोनशे किलोचं काहीतरी टांगायचं, रॅमवर खडूने रेघ मारायची आणि रात्रभर तसंच ठेवायला लावायचं, खाली पुरेसं अंतर सोडून सुरक्षेसाठी टेकू ठेवून. सकाळी रेघ दोन बोटं सरकलेली दिसली तर तो जॅक घेऊ नये, दुसरा मागावा. त्याच भेटीत किल्ली सोडून वजन उतरवूनही बघावं. झटका देत उतरत असेल तर जुन्या इंजिनाला ती क्रेन लावू नये.