इंकस्केपमध्ये रंगकाम: काही महिने वापरल्यानंतर

आयकॉन आणि साधी चित्रं काढायला मी इंकस्केप हे रेषा-आकारांनी (व्हेक्टर) चित्र काढायचं मोफत सॉफ्टवेअर वापरू लागले, पण आता ते सर्वात जास्त आवडतं ते रंगकामासाठी. आणि त्याचं मुख्य कारण म्हणजे स्वॉच, म्हणजे अनेक आकारांना जोडून ठेवता येणारा रंग.

रोजचं काम सोपं आहे. आकार निवडून खालच्या रंगपट्टीवर क्लिक केलं की आतला भाग रंगतो, शिफ्ट दाबून क्लिक केलं की कडेची रेषा. बाकी सारं कंट्रोल-शिफ्ट-एफ दाबल्यावर उघडणाऱ्या 'फिल अँड स्ट्रोक'मध्ये. तिथे स्वॉचचंही बटण आहे. एखादा रंग स्वॉच केला आणि तोच इतर आकारांना दिला, की ते सगळे आकार त्या रंगाशी जोडले जातात. मग निळा जरा गडद हवा असेल तर एकाच ठिकाणी बदलायचा, चित्रभर तो बदलतो. तीन-चार रंगांत बसवलेल्या चित्राच्या वेगवेगळ्या छटा करून बघायच्या असतील, तर याला तोड नाही. नवीन शिकणाऱ्याला मी पहिल्याच दिवशी हे दाखवीन.

पारदर्शकतेचं मात्र नीट समजून घ्यावं लागतं. आतल्या रंगाची वेगळी, रेषेची वेगळी आणि अख्ख्या आकाराची वेगळी, अशी ती तीन ठिकाणी असते. रेषा आकाराच्या कडेवर मधोमध बसते, म्हणजे तिची अर्धी जाडी आत येते. त्यामुळे रंग आणि रेषा दोन्ही स्वतंत्रपणे अर्धपारदर्शक केले, की कडेच्या आत एक गडद पट्टा दिसतो. आकार एकसंध फिका हवा असेल तर खालची, अख्ख्या आकाराची ओपॅसिटी (अपारदर्शकता) कमी करावी.

पेंट बकेटबद्दल, म्हणजे रंग भरायच्या बादलीबद्दल, गैरसमज फार. फोटो एडिटिंगमधली बादली असते ती पिक्सेल (चित्राचे बारीक ठिपके) रंगवते. इथली बादली पडद्यावर दिसणारा बंदिस्त भाग ओळखते आणि त्या मापाचा नवा आकार तयार करते. म्हणून झूम करून भरलं तर कडा जास्त काटेकोर येतात. रेषेलगत पांढरी फट राहू नये म्हणून 'ग्रो' थोडं वाढवावं, 'क्लोज गॅप्स'ने रेषांमधल्या बारीक फटी सांभाळल्या जातात. रंगासाठी रेषांच्या खाली वेगळा लेयर (थर) निवडून भरलं तर पुढे खूप सोपं जातं.

रंग उचलायचा ड्रॉपर (कीबोर्डवर डी) मला अगदी मनापासून आवडतो. क्लिक करण्याऐवजी ओढलं तर त्या वर्तुळातल्या रंगांची सरासरी मिळते; फोटोवरून आकाशाचा किंवा त्वचेचा रंग उचलताना हे फार उपयोगी पडतं.

ग्रेडियंटचं, म्हणजे एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू जाणाऱ्या छटेचं टूल (कीबोर्डवर जी) त्याच्या रेषेवर डबल-क्लिक करून नवा रंगबिंदू देतं. सुंदर काम होतं. मेश ग्रेडियंट (जाळीच्या बिंदूंवर वेगवेगळे रंग देऊन केलेली छटा) इंकस्केपच्या ०.९२ आवृत्तीपासून आहे आणि चेहऱ्यावरच्या सावल्यांना तो अप्रतिम आहे, पण ब्राउझरांनी मेशला आधार दिलेला नाही. वेबसाठीच्या एसव्हीजीत (इंकस्केपच्या चित्रफाईलीत) तो टाळते किंवा तेवढा भाग पीएनजी, म्हणजे पिक्सेलचं चित्र, करून देते.

छपाईचं काम करणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: सीएमवायकेचे (छपाईच्या चार शाईंचे) स्लायडर असले तरी एसव्हीजीत रंग साठतात ते आरजीबीमध्येच, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत. प्रेसला सीएमवायके पीडीएफ हवी असेल तर तो बदल दुसऱ्या साधनात करून घ्यावा लागतो.