ऑडिओमॉथ: शहराला खेटलेल्या रानात कितपत कामाचा?

रानाच्या कडेला रस्ता किंवा दिवे येणार म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: तिथे वाचवण्यासारखं आहेच काय? घुबड, रातवा, बेडूक, वटवाघूळ ही मंडळी दिवसा फेरी मारून दिसत नाहीत, ऐकू मात्र येतात (वटवाघळं यंत्रालाच). त्यांची नोंद ठेवायला ऑडिओमॉथ हा काड्यापेटीहून जेमतेम मोठा रेकॉर्डर चांगला आहे. तीन एए सेल, एक मायक्रोएसडी कार्ड, ८ ते ३८४ किलोहर्ट्झ सॅम्पलिंग (सेकंदाला आवाज किती हजार वेळा मोजायचा ते), आणि आराखडा सगळ्यांना खुला.

पक्षी आणि बेडकांसाठी ४८ किलोहर्ट्झ पुरतात. तासाला साधारण ३४५ एमबी जागा लागते. दर दहा मिनिटांतलं एकच मिनिट रेकॉर्ड केलं तर दिवसाला सुमारे ८३० एमबी, म्हणजे ६४ जीबीचं कार्ड दोन महिने सहज चालतं. सेलचं गणित वेगळं. संगणकावर सेटिंग करताना त्याचं अ‍ॅप रोजचा अंदाजे खर्च मिलीअँपिअर-तासांत दाखवतं, तो आकडा बघूनच वेळापत्रक ठरवा. वटवाघळांसाठी २५० किंवा ३८४ किलोहर्ट्झ लागतात. ३८४ ला तासाला पावणेतीन जीबी जातात, त्यामुळे ठरावीक पातळीच्या वरचेच आवाज साठवणारी मर्यादा लावावीच लागते.

शहराजवळची खरी अडचण वाहनांच्या घरघरीची. तिचा बराचसा जोर २ किलोहर्ट्झच्या खाली (इथे किलोहर्ट्झ म्हणजे आवाजाचा सूर, सॅम्पलिंग नव्हे) असतो, म्हणून तेवढा भाग गाळून टाकायचा मोह होतो. तो आवरा. मोठ्या घुबडांचा घुमणारा आवाजही तिथेच असतो, आणि रेकॉर्ड होतानाच गाळलेलं परत मिळत नाही. कच्चा आवाज साठवा, गाळणी नंतर संगणकावर लावा.

सगळ्यात जास्त घोळ घड्याळाचा होतो. सेल काढले की वेळ पुसली जाते. जागेवर सेल बदलून निघून आलात तर ठरलेलं वेळापत्रक चालणार नाही. वेळ पुन्हा संगणकावरून किंवा फोनवरच्या अ‍ॅपने वाजवलेल्या सुरावटीने द्यावी लागते. शिवाय मूळ सेटिंग यूटीसीचं, म्हणजे भारतीय वेळेहून साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेचं असतं. ते लक्षात आलं नाही तर संध्याकाळची म्हणून लावलेली नोंद भलत्याच वेळी होते. चार्ज होणारे सेल १.२ व्होल्टचे असल्यामुळे नेहमीच्या मापाने बॅटरी उगाच कमी दिसते. संगणकावरच्या अ‍ॅपमध्ये त्यांच्यासाठी वेगळा पर्याय आहे.

पैसे वाचवायला बरेच जण तो झिपच्या पिशवीत टांगतात. वारा सुटला की पिशवीची करकर सगळ्यावर पसरते. अधिकृत डबीत मायक्रोफोनसमोर पडदा असतो, तीच घ्यावी. जाड खोडाला बांधलात तर मागच्या बाजूचा आवाज अडतो. बारीक खांब किंवा फांदी बरी, आणि उंची माणसाच्या हाताबाहेरची.

पक्ष्यांच्या आवाजाची छाननी बर्डनेट या आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या प्रणालीने करता येते. ते तीन-तीन सेकंदांचे तुकडे ओळखून प्रत्येकाला ० ते १ गुण देतं. ०.८ म्हणजे ८० टक्के खात्री नव्हे. हॉर्न आणि सायरनलाही ते पक्ष्याचं नाव देऊन मोकळं होतं, म्हणून प्रत्येक जातीचे काही तुकडे स्वतः ऐकून मगच गुणांची सीमा ठरवा.

चोरटी तोड पकडायला हा घेऊ नका. तो काहीच पाठवत नाही. कुऱ्हाड चालली होती हे कार्ड काढल्यावर कळतं. गुपचूप वावरणाऱ्या प्राण्यांसाठी कॅमेरा ट्रॅपच (हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) हवा. पायवाटेजवळ लावलात तर लोकांच्या गप्पाही साठतात, तेव्हा तिथे पाटी लावा आणि ते तुकडे आधी पुसा.

दिव्यांचा परिणाम दाखवायचा असेल तर दिवे लागण्याआधीपासून नोंद हवी: काही यंत्रं कडेला, काही आत, आणि सगळ्यांचं गेन (मायक्रोफोनचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते) व वेळापत्रक एकच. मधेच कुणी गेन वाढवलं तर आधीचे आणि नंतरचे आकडे एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत.