आठवीच्या वर्गात लंपन

प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' हे लंपन नावाच्या मुलाच्या गोष्टींचं पुस्तक मी आठवीला दर शनिवारी शेवटच्या तासाला मोठ्यानं वाचून दाखवते. आई-बाबांपासून दूर, आजी-आजोबांकडे वाढणारा लंपन मुलांना दुसऱ्याच तासाला आपला वाटायला लागला. त्याचा तो सारखा येणारा 'मॅड' शब्द तर मधल्या सुट्टीत सगळ्यांच्या तोंडी! कानडी वळणाच्या मराठीला सुरुवातीला मुलं अडखळतात, म्हणून पुस्तक आधी वाचायला देऊ नका, आधी ऐकवा.

मागच्या बाकावर बसणारा एक मुलगा वर्षभर गप्प असायचा. तास संपल्यावर टेबलापाशी आला, पुस्तकाच्या कोपऱ्यावर बोट फिरवत म्हणाला, "बाई, मी पण आजीकडंच राहतो." मला पुढं काही बोलताच आलं नाही. पुस्तक त्याच्या हातात दिलं.

घरी लेकीबरोबर वाचताना मात्र मी प्रश्न विचारत नाही. शाळेतही स्वाध्याय नाही देत, त्यानं गोष्ट मरते. गोष्टीत लंपनची मैत्रीण सुमी आली की लेक नुसती गालात हसते, तेवढं मला पुरतं.

'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' हे लंपनचे पुढचे संग्रहही घेऊन ठेवा. मुलं मागतातच.